जिवंत कुंपणाला दरवर्षी त्याच जागी खिंडार का पडतं? आधी वाळलेला फोक उपटून बघा

मे महिन्यात धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, एक चक्कर मारली की कळतं. पावसाळ्यात लावलेले गिरिपुष्पाचे (ग्लिरिसिडियाचे) फोक, म्हणजे फांद्यांची दांडकी, श्रावणात सगळे फुटलेले असतात, दिवाळीला अंगभर पानं असतात, आणि शिमगा सरता सरता मधेमधे वाळकी दांडकी दिसायला लागतात. जून आला की आपण त्याच जागी नवे फोक रोवतो. पुढच्या मे महिन्यात खिंडार पुन्हा तिथंच. दोन-तीन वर्षं असं झालं की माणूस सिमेंटचे खांब आणि काटेरी तारेचा हिशोब करायला लागतो.

मी तीन वर्षं हेच केलं. आमचं साडेतीन एकर रान अंबाजोगाई तालुक्यात, बालाघाटाच्या उतारावर आहे. वरची बाजू बरड, हातभर खणलं की मुरूम लागतो. खालची ओढ्याकडची भारी काळी. तीन बाजूंचा धुरा मिळून बाराशे फूट भरतो. २०१९ च्या पावसाळ्यात फूट-फूट अंतरावर फोक लावले, आणि त्यानंतर दर जूनला शंभर-दीडशे फोक नुसते खिंडारं बुजवण्यात गेले. चौथ्या वर्षी कोयता घेऊन निघाले तेव्हा सासरे म्हणाले, "आगं, मेलेलं कसं मेलंय ते तर बघ आधी. बिनबघता नवं लावून काय हुईल?"

त्या दिवशी आम्ही दोघांनी वाळलेले वीसेक फोक उपटून ओट्यावर मांडले. कुठला फोक कुठून काढला ते लक्षात राहावं म्हणून जागेप्रमाणे वेगळे ठेवले. तेव्हा दिसलं की एका खिंडारातले सगळे फोक एकाच तऱ्हेनं मेलेत, पण दुसऱ्या खिंडारातले वेगळ्याच तऱ्हेनं. मी मात्र सगळीकडे एकच इलाज करत होते. म्हणून सांगते, ज्यांच्या कुंपणाला खिंडारं आहेत त्यांनी नवे फोक तोडण्याआधी हे काम करावं. अर्धा दिवस लागतो, खर्च काही नाही.

बूड काळं, मऊ आणि वास येतोय

हे आमच्या खालच्या काळ्या रानात निघाले. साल हातानं निघून येत होती आणि आत पिचपिचीत. इथं फोक उन्हाळ्यात वाळलेला दिसला तरी मेला पावसाळ्यातच. भाद्रपदात पाणी साचून बूड कुजलं, दांडक्यात होता त्या ओलाव्यावर वर दोन-चार महिने पानं राहिली आणि नंतर तो गेला. गिरिपुष्पाला आणि मोगली एरंडालाही साचलेलं पाणी चालत नाही. काळी माती फुगली की हवा कोंडते, मुळं गुदमरतात.

इथं दोन वाटा आहेत. पाणी फार साचत नसेल तर धुऱ्याच्या अंगानं फूट-दीड फूट उंच मातीचा वरंबा ओढून त्याच्या माथ्यावर फोक लावायचे. पाणी साचणारच असेल, ओढ्याचा काठ असेल, तर गिरिपुष्पाचा हट्ट सोडावा. आम्ही तिथं निरगुडी लावली. ओढ्याच्या काठी ती आपोआपच येते, फांदीपासून लागते, उग्र वासामुळे गुरं-शेरडं तिला तोंड लावत नाहीत आणि छाटली की बुडातून झुडूप होऊन येते. मधूनमधून करंज टोचला. करंजालाही ओलीचं वावडं नाही. ते खिंडार दोन पावसाळ्यांत बुजलं. बेशरम मात्र लावू नये, कितीही पटकन वाढत असली तरी. तिचं पान गुरांना विषारी आहे आणि ओढ्यात शिरली की निघत नाही.

साल सुरकुतलेली, आत ठणठणीत कोरडं, मुळं वितभरच

आपल्या मराठवाड्यात बहुतेक खिंडारं या कारणानं पडतात, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

फोकापासून झालेल्या झाडाला सोटमूळ नसतं. त्याची मुळं आडवी, वरच्या थरात पसरतात. कोकणात किंवा बागायती रानात त्यानं काही बिघडत नाही. आपल्याकडे ऑक्टोबरात पाऊस गेला की पुढचे आठ महिने वरचा थर कोरडाच. काळ्या मातीत तर भेगा पडतात, हात जाईल एवढ्या, आणि भेगेत सापडलेलं कोवळं मूळ तुटतं, नाही तुटलं तर वाऱ्यानं वाळतं. बरडावर भेगा नसतात, पण मुरमात ओल टिकत नाही.

२०१६ चा उन्हाळा आठवा. एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या साली बोअर आटले, मोसंबीच्या बागा वाळल्या. तरी धुऱ्यावर काहीतरी हिरवं होतंच: बोर, हिवर, बाभूळ, तरवड, निंब. ही सगळी झाडं कुणी फोक रोवून लावलेली नव्हती. बियांतून आलेली, आधी खाली सोटमूळ सोडून मग वर वाढलेली. आमच्या बरडाच्या खिंडाराचं उत्तर मला यात सापडलं.

तिथं फोक बंद केले आणि बी टोकलं. गिरिपुष्पाच्या शेंगा एप्रिल-मे मध्ये वाळून तडकतात, त्याआधी तोडून बी काढायचं, रात्रभर भिजवायचं आणि हातभर खोल भुसभुशीत केलेल्या जागेत तीन-तीन दाणे टोकायचे. त्याच रांगेत सीताफळ आणि तरवड. बालाघाटाच्या डोंगरात सीताफळ कुणी न लावता येतं, त्याचं पान शेरडं खात नाहीत, आणि फळ मिळतं ते वेगळं. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, आणि आपण ते धुऱ्यावर लावायचा विचार करत नाही, याचं मला वाईट वाटतं. त्याचं बी उगवायला महिना-दीड महिना घेतं, तेवढा धीर धरावा. पहिल्या वर्षी बियांचं रोप फोकापुढे अगदीच बारीक दिसतं. माझ्या जाऊबाई म्हणाल्या होत्या, याच्यानं काय कुंपण होणार. तिसऱ्या मे महिन्यात फोकाच्या रांगेत खिंडार होतं आणि बियांच्या रांगेत नव्हतं.

ज्यांना फोकच लावायचे आहेत (काळ्या रानात, जिथं निचरा बरा आहे, तिथं लावायला हरकत नाही) त्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात. फोक हिरव्या सालीचा, करंगळीएवढा नको. साल तपकिरी झालेली, अंगठ्यापासून मनगटापर्यंत जाडी, पाच-सहा फूट लांबी. खालचा काप तिरका, आणि तोडल्यावर सावलीत उभा ठेवला तर आठवडाभर सहज टिकतो. दुसरं, दीड फूट तरी जमिनीत गेला पाहिजे. पहारीनं भोक पाडून, फोक ठेवून, भोवतीची माती टाचेनं घट्ट दाबायची. भोकात हवेची पोकळी राहिली तर तिथं मूळ धरत नाही.

तिसरं म्हणजे वेळ, आणि इथं आपली सगळ्यांची चूक होते. मृगाचा पहिला पाऊस पडला की आपण धुऱ्यावर पळतो. मग पावसाचा खंड पडतो, वीस-वीस दिवस थेंब नाही, फोकानं अंगातल्या ओलीवर पानं काढलेली असतात पण मुळं नसतात. पेरणीला कृषी विभाग ७५ ते १०० मिलिमीटर पावसाची अट सांगतो. तीच अट फोकांना लावावी. आम्ही आता आर्द्रा निम्म्या सरल्याशिवाय हात लावत नाही.

त्यानंतर संक्रांतीच्या सुमारास एक काम: रांगेच्या दोन्ही बाजूंनी हात-हात रुंदीत हलकी कोळपणी करून भेगा मातीनं बुजवायच्या आणि वरून सोयाबीनचं भुसकट पसरायचं. खोडाला चिकटून नको, चार बोटं सोडून. पाणी घालणं जमत असेल तर रोज तांब्याभर घालण्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा बादलीभर घालावं, म्हणजे मूळ खाली जायला शिकतं.

सालीवर मातीचा लेप, आत पोखरलेलं

वाळवी. बरडावर आणि जुन्या वारुळाजवळ हमखास. खड्ड्यात कच्चं शेणखत किंवा वाळका पालापाचोळा टाकला तर आपणच तिला आवतण देतो. कुजलेलं खतच वापरावं, खड्ड्यात मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. वाळवी आधी अशक्त आणि मेलेल्या लाकडाला धरते, त्यामुळे वरची पाण्याची अडचण सुटली की हीही बरीच कमी होते.

मुळं चांगली, पण वरची साल सोललेली, डोळे खुडलेले

फोक मेला नाही, खाल्ला गेला. गिरिपुष्पाला उंदीरमारी म्हणतात, त्याला वास असतो, शेरडं खात नाहीत असं सांगितलं जातं. पहिल्यांदा खात नाहीत हे खरं. सवय लागली की आवडीनं खातात, आणि वैशाखात सगळं रान वाळलेलं असताना त्याला कोवळी पालवी फुटते तेव्हा तर सोडतच नाहीत.

पहिली दोन वर्षं जिवंत कुंपणालाच कुंपण लागतं. बोरीच्या, बाभळीच्या काटक्यांची कुपाटी बाहेरच्या अंगानं घालायची, पऱ्हाटी उपटल्यावर तीही रचायची. हे काम टाळून कुंपण उभं राहिलेलं मी पाहिलं नाही. ज्या टोकाला शेरडांची रोजची वाट आहे तिथं न खाल्ली जाणारी झाडंच निवडावीत: मोगली एरंड, निरगुडी, तरवड, केकताड (घायपात). मोगली एरंडाच्या बिया विषारी असतात आणि चवीला वाईट लागत नाहीत, म्हणून लेकरं खातात. घराजवळ, अंगणवाडीच्या वाटेवर ते लावू नये. कुंपणाला शेरही लावतात, पण त्या झाडाचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, त्यामुळे शेर छाटताना पोरांना जवळ येऊ देऊ नये.

फोक जाग्यावरच नाही

हे झाडाचं दुखणं नाही. एक तर तिथून पाणी वाहतं किंवा माणूस चालतो.

पाण्याचं असेल तर दरवर्षी तिथं धुरा फुटतो, फोक वाहून जातो आणि खाली घळ पडते. आधी दगडांचा सांडवा रचावा, पाणी ठरल्या जागेवरून हळू उतरू द्यावं, सांडव्याच्या दोन्ही अंगांना वाळा लावावा. त्याची मुळं माती धरून ठेवतात. मग कडेनं झाडं.

पायवाटेचं असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही. आमच्या धुऱ्यावरून वस्तीवरच्या बाया चाळीस वर्षांपासून विहिरीकडे जातात. मी तीन वेळा तिथं फोक लावले आणि तीन वेळा ते बाजूला काढून ठेवलेले सापडले, तेही उपटून नीट मांडून. चौथ्या वेळी तिथं दोन जाड खांब असे रोवले की माणूस आडवा होऊन जाईल, हंडाही जाईल, पण गाय-म्हैस अडेल. शेरडासाठी रात्री एक काटी ओढून लावतो. तेव्हापासून दोन्ही बाजूंचे फोक शाबूत आहेत. एका मावशींनीच एकदा पडलेली काटी सरळ करून ठेवली होती.

खिंडार बुजवायला लावलेलं प्रत्येक रोप मरतं

हे जुन्या कुंपणात होतं, आणि याचं कारण दोन्ही बाजूंची मोठी झाडं. त्यांची मुळं खिंडाराखाली पसरलेली असतात आणि फांद्यांनी वरचं ऊन झाकलेलं असतं. मधे लावलेल्या बारक्या रोपाला पाणीही मिळत नाही आणि उजेडही. तिथं दोन हात लांब, दीड हात खोल चर खणून आलेली मुळं तोडावी, दोन्ही बाजूंच्या झाडांच्या आत झुकलेल्या फांद्या छाटाव्यात, आणि रोप न लावता मनगटाएवढा जाड, सहा फुटी खुंट रोवावा.

याहून सोपा उपाय म्हणजे दाब. मेंदी, निरगुडी, करवंद असेल तर शेजारच्या झाडाची खालची लवचिक फांदी खिंडारात वाकवायची, जिथं जमिनीला टेकते तिथं साल थोडी खरवडून चार बोटं मातीत दाबायची, वर दगड ठेवायचा आणि शेंडा बाहेर उभा ठेवायचा. पावसाळ्यात दाबलेली फांदी मूळ धरेपर्यंत आईच्या जिवावर जगते. मूळ धरलं तरी मी ती वर्षभर तोडत नाही.

केकताडाचं खिंडार वेगळं. केकताड आयुष्यात एकदाच फुलतं आणि मरतं. एकाच साली लावलेली रांग साधारण एकाच सुमारास दांडे काढते आणि एकदम भगदाड पडतं. दांडा दिसला की समजावं, याच्या बुडातली पिल्लं काढून मधल्या जागी लावायची वेळ झाली.

वरून दाट, खालून उघडं

हे खिंडार मोजणीत येत नाही, पण शेरडू नेमकं तिथूनच येतं. कारण आपण पहिल्या दोन वर्षांत झाड छाटत नाही. वाढतंय म्हणून बरं वाटतं. शेंडा जोवर सरळ वर जातो तोवर खालचे डोळे झोपलेले राहतात. बियांचं रोप दोन फुटांचं झालं की एक फुटावर कापावं. जिवावर येतं, तरी कापावं. त्यातून तीन-चार फांद्या फुटतात, त्या पुन्हा दोन फुटांवर कापाव्यात. कुंपणाचा आकार खाली रुंद, वर निमुळता ठेवला तर बुडाला ऊन लागत राहतं. वरून छत्रीसारखं वाढू दिलं की खालच्या फांद्या सावलीत वाळतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. जुनं झालेलं कुंपण असं उघडं पडलं असेल तर जूनच्या तोंडावर निम्मी झाडं, एक सोडून एक, गुडघ्याएवढी ठेवून तोडावीत. उरलेली पुढच्या साली. पाला सोयाबीनच्या रानात गाडला तर नत्र मिळतं. पण पाल्याच्या लोभानं पहिल्या दोन वर्षांत ओरबाडू नये.

उंचीचं अजून एक. दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेकडे कलतो. आपल्या भागात डिसेंबरात भर दुपारीही सावली झाडाच्या उंचीएवढी, थोडी कमी, उत्तरेकडे पडते. बारा फुटी कुंपण म्हणजे जवळजवळ अकरा फूट सावली. कुंपण उत्तरेच्या धुऱ्यावर असेल तर ती सावली शेजाऱ्याच्या ज्वारीवर पडते. भांडण तिथून सुरू होतं आणि एके सकाळी कुंपण कापलेलं दिसतं. उत्तरेची बाजू पाच-सहा फुटांवर राखावी, पिकाकडच्या अंगाला दोन फुटी चर मारून मुळं तोडावीत. सामाईक धुरा असेल तर आधी भूमी अभिलेखची मोजणी करून घ्यावी, मगच लावावं. आणि साग, चिंच, आंबा, खैर, जांभूळ ही झाडं छाटायच्या कुंपणात धरू नयेत. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानं ती स्वतःच्या रानातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. वेडी बाभूळ आणि सुबाभूळही नको. पहिली रानभर पसरते, दुसरीचं बी मुठीनं पडतं आणि पाला शेरडांना फार आवडतो.

रानडुकरांबद्दल लोक आशेनं विचारतात. नुसत्या झाडांच्या रांगेनं डुक्कर थांबत नाही, ते बुडातून घुसतं. केकताडाच्या दोन रांगा, एकीच्या फटीसमोर दुसरीचं झाड, आणि आतून सागरगोटा किंवा चिलार (दोन्ही काटेरी वेली), असं केलं तर ते बरंच अडतं. सागरगोट्याचं बी दगडासारखं कठीण असतं, खडबडीत दगडावर घासून रात्रभर भिजवलं तरच लवकर उगवतं. रोही (नीलगाय) चार-पाच फुटांवरून सहज उडी मारतो, त्याला उंचीच लागते. लाइनचा करंट तारेत सोडू नका, त्यात माणसं मेली आहेत. आणि जिवंत झाडाला तार थेट खिळ्यानं ठोकू नका, झाड ती गिळतं आणि जखमेतून कुजतं. मधे टायरचा तुकडा घालून बांधा, दरवर्षी सैल करा.

आमची पाच खिंडारं बुजली. एक अजून उघडं आहे, वरच्या कोपऱ्यात, जुन्या चिंचेखाली. तिथं बी टोकून पाहिलं, खुंट लावले, निरगुडी दाबली. सावली इतकी गच्च की काही धरत नाही. फांदी तोडायला सासरे नको म्हणतात, आणि उन्हाळ्यात भाकरी खायला आम्ही सगळे तिच्याखालीच बसतो. म्हणून तिथं दरवर्षी बाभळीची काटी घालते. या सालचीही तोडून ठेवली आहे.